ब्रेकचा लाल दिवा ऑइल मागत नाही

घाटातल्या वळणावर डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा, लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह, क्षणभर लागतो आणि गाडी सरळ झाली की विझतो. हँडब्रेक पूर्ण सुटलेला असतो. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘ब्रेक ऑइल कमी झालंय, थोडं टाका.’ टाकल्यावर दिवा खरंच जातो, म्हणून हा गैरसमज इतका चिवट आहे. पण ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑइलसारखं हे ऑइल जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर एक तर कुठे गळती आहे, नाही तर पॅड, म्हणजे चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्या, झिजलेत.

पॅडच्या झिजेने ऑइल का उतरावं? याचं उत्तर कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतल्या, एका रबरी रिंगमध्ये आहे आणि माझ्या मते अख्ख्या गाडीत इतकी साधी, इतकी हुशार वस्तू दुसरी नाही. ऑइलच्या दाबाने पॅड पुढे ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीच्या खाचेत बसणारी ही रिंग गोल नव्हे, चौकोनी छेदाची असते. ती ऑइल अडवतेच, शिवाय पिस्टन मागे घेण्याचं कामही तिचंच, कारण तिथे स्प्रिंग नसते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला घट्ट धरून बसलेली रिंग वाकते. पाय काढला की ती सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकं मागे ओढते. तेवढ्याने पॅडचा डिस्कवरचा दाब सुटतो.

पॅड झिजला की पिस्टनला रिंगच्या वाकण्यापेक्षा जास्त पुढे जावं लागतं. मग तो रिंगमधून किंचित घसरतो आणि रिंग त्याला नव्या जागी धरते. खोडरबर कागदावर दाबून हलकेच ढकलला तर नुसता वाकतो, जोर वाढवला तर घसरून पुढे जातो, तसंच हे. त्यामुळे पॅड 10 मिमी असो की 3 मिमी, पेडल जवळपास त्याच उंचीवर लागतं आणि झीज पायाला जाणवत नाही.

पुढे सरकलेल्या पिस्टनमागची जागा मात्र ऑइलने भरते. हिशेब करून पाहा. पिस्टनचा व्यास 50 मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौरस सेंमी. आतला आणि बाहेरचा पॅड प्रत्येकी 7 मिमी झिजला तर एकाच पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये, जिथे तो एकच पिस्टन दोन्ही पॅड दाबतो, पिस्टन 14 मिमी पुढे येतो. म्हणजे एका चाकामागे साधारण 27 मिली, पुढच्या दोन चाकांचे मिळून 55 मिली ऑइल बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतून खाली गेलं. बाटलीतला चुंबक लावलेला फ्लोट तेवढा उतरला की स्विच जुळतो. पातळी अगदी सीमेवर असेल तर वळणावर ऑइल एका बाजूला कलतं आणि दिवा लुकलुकतो.

दिवा या स्विचवर चालतो, त्यामुळे बॅटरीची तार काढून तो ‘रिसेट’ होत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधून पॅडचं घर्षणही वाढत नाही. पॅडची जाडी मोजावी आणि 3 मिमीच्या आसपास आली की पॅड बदलावेत, एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे, एकत्रच.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकनंतर स्टँड लावल्याशिवाय काम सुरू करू नका. खालचा पिन-बोल्ट काढून कॅलिपर वर उचला आणि तारेने बांधा. होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नका. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर सरकत्या पिना अडकल्यात. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी तिची जाडी ताडून पाहा.

आता पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे दाबा. मागच्या ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकही असतो तिथे पिस्टन बहुधा फिरवून आत न्यावा लागतो. खाली गेलेलं ऑइल या वेळी बाटलीत परत येतं. कुणी मधेच भर घातली असेल तर ते उतू जातं आणि गाडीचा रंग सोलवटतं, म्हणून जादा ऑइल आधी पिचकारीने काढा.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पेडल थेट तळाला जातं. पातळी खालच्या-वरच्या खुणांमध्ये आली की दिवा आपोआप विझतो. काही गाड्यांत पॅडमध्येच सेन्सरची तार असते. तिचा दिवा वेगळा, वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा असलेला. ती तार घासली गेली की सेन्सरही नवा घ्यावा लागतो.

पॅड जाड असूनही पातळी पुन्हा उतरली तर ती गळती समजावी. चाकांची आतली बाजू, होजचे जोड, मागे ड्रम असेल तर व्हील सिलिंडरचं रबरी टोपण ओलं आहे का पाहा. ओल दिसली तर ऑइल भरून गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.