आतड्याची उघाडी

आमच्या खारेपाटात उधाणाच्या रात्री बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर गेलेला माणूस आधी बॅटरी मारतो ती उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर. झापं नीट मिटलीत ना? मग खेकड्यांची बिळं. नवख्याला वाटतं, उघाडी म्हणजे बांधातली कच्ची जागा. पण ती नसेल तर पावसाचं पाणी शेतातच कोंडून भात कुजेल.

लहान आतड्याचं अस्तर म्हणजे असाच बांध, तोही पेशींच्या एकाच थराचा. अलीकडे अन्न आणि जंतू, पलीकडे रक्त. शेजारशेजारच्या पेशी वरच्या टोकाला क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी शिवलेल्या असतात. या शिवणीला ‘घट्ट सांधा’ म्हणतात. नाव जरा फसवंच, कारण तो थोडा पाझरतो आणि किती पाझरायचं ते पेशी ठरवते.

सांध्याला लागूनच, पेशीच्या गळ्याभोवती अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची दोरी असते, बटव्याच्या नाडीसारखी. ती ओढतं एक विकर, म्हणजे एन्झाइम: मायोसिन लाइट चेन कायनेज. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते जागं होतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीतला एक फॉस्फेट काढून मायोसिनला चिकटवतं. नाडी आवळते, सांधा सैलावतो. बटव्याच्या नेमकं उलट! दुसरं विकर तो फॉस्फेट काढून टाकतं, की नाडी पुन्हा सैल.

कायनेज जागं होण्याचं एक कारण आपल्या चुलीवरच असतं. पोट बिघडलं की घरात मीठ घातलेली पेज मिळते. (जुलाब जोराचे असतील तर पेजेवर न थांबता ओआरएस द्यावं.) पेजेतल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं आणि आतड्यातलं एक वाहक प्रथिन एका ग्लुकोजमागे 2 सोडियम आत ओढतं. 1987 साली मदारा आणि पॅपेनहायमर या संशोधकांनी हॅमस्टरच्या आतड्यात ग्लुकोज सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर नाडी आवळून दाट झालेली आणि सांध्यांत जागोजागी फुगवटे. ही किमया त्याच कायनेजची, हे पुढे संशोधक जेरॉल्ड टर्नर यांच्या प्रयोगांत दिसलं. बहुतेक ग्लुकोज पेशीच्या पोटातूनच जातं, तरी मला यातली गंमत वाटते ती ही, की आत येणारं अन्नच फट किलकिली करायला लावतं.

आतड्याला दाह होणाऱ्या क्रोन्ससारख्या आजारात मात्र उघाडी मिटतच नाही. दाह वाढवणारं टीएनएफ हे रसायन पेशीला तेच कायनेज जास्त बनवायला लावतं आणि नको ते पलीकडे झिरपत राहतं. मग कायनेजच बंद पाडावं? तसं करता येत नाही. आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचं आकुंचन त्याच्यावरच चालतं. म्हणून टर्नर यांच्या गटाने वेगळी वाट काढली. 2019 मध्ये त्यांनी डायव्हर्टिन नावाचा रेणू मांडला. तो कायनेजचं काम थांबवत नाही, त्याच्या एका प्रकाराला फक्त नाडीपर्यंत पोचू देत नाही. उंदरांच्या आतड्यात तेवढ्याने गळती कमी झाली.