लाईन फीडिंग

लाईन फीडिंग म्हणजे स्टोअरमधला माल उत्पादनाच्या जागी, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढा, नेऊन देण्याचे काम. पुस्तकी मराठीत याला उत्पादन पुरवठा म्हणता येईल, पण पुण्याच्या कारखान्यांत ‘लाईन फीडिंग’ हाच शब्द चालतो. गोदाम व्यवस्थापन सॉफ्टवेअर असेल तिथे हे काम सुपरवायझरच्या आठवणीवर किंवा फोनाफोनीवर अवलंबून राहत नाही. उत्पादन ऑर्डर सुटली की तिच्या बीओएमवरून, म्हणजे भागांच्या यादीवरून, काय किती लागणार हे प्रणाली काढते. कोणत्या रॅकवरून उचलायचे आणि लाईनवर कुठे ठेवायचे, ते काम स्टोअरमधल्या माणसाच्या स्कॅनरवर येते.

पुण्यात या कामाला एवढे महत्त्व आले ते इथल्या उद्योगाच्या घडणीमुळे. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली. त्यानंतर पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत मोठ्या वाहन कारखान्यांभोवती त्यांना भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे उभी राहिली. हा पट्टा पुढे चाकण, तळेगाव, रांजणगावपर्यंत पसरला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. एकाच लाईनवर एकामागून एक वेगळी मॉडेल येऊ लागली, की सगळ्यांचे भाग लाईनशेजारी रचून ठेवायला जागा पुरत नाही. त्यात चाकणच्या तळेगाव चौकात वेंडरची गाडी अडकली, तर हाताशी आहे तेवढ्या मालाचा हिशेब पक्का असावाच लागतो.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे लाईनलगतची पुरवठ्याची जागा. सॅप या कंपनीच्या ईडब्ल्यूएम या गोदाम व्यवस्थापन प्रणालीत तिला ‘प्रॉडक्शन सप्लाय एरिया’ म्हणतात, थोडक्यात पीएसए. जमिनीवर पाहिले तर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली, एखाद-दोन रॅक मावतील एवढीच जागा. प्रणालीत मात्र तिला स्वतःचा पत्ता असतो आणि तिथला साठा स्टोअरच्या साठ्यापासून वेगळा दिसतो. माल पीएसएवर आला म्हणजे तो खपला असे नव्हे. त्याने फक्त जागा बदलली. खप नंतर नोंदला जातो, सॅपमध्ये २६१ क्रमांकाच्या हालचालीने. या दोन नोंदींच्या मधल्या काळात माल नक्की किती आणि कुठे आहे, ते हीच जागा सांगते.

पुरवठ्याच्या रूढ रीती तीन. महागडा किंवा त्या ऑर्डरपुरताच लागणारा भाग, जसे इंजिन किंवा वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा), ऑर्डरनिहाय मोजून उचलतात. अनेक ऑर्डरींना सामाईक लागणारा माल पूर्ण पॅलेटने आणतात. त्यासाठी प्रणाली पुढच्या काही तासांची एकत्र गरज काढते, पीएसएवरचा साठा त्यातून वजा करते आणि कमी पडेल तेवढेच मागवते. तिसरी रीत बिनची (बिन म्हणजे सुटे भाग ठेवायचा डबा), तिलाच कानबान म्हणतात. कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी. टोयोटात तैइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचलेली: फळीवरून जेवढे उचलले गेले तेवढेच मागून भरायचे.

समजा, लाईनवरून तासाला ६० गाड्या निघतात आणि एका गाडीला एका मापाचे ४ बोल्ट लागतात. तासाला २४० बोल्ट झाले. २४० बोल्टांचे दोन बिन एकामागे एक ठेवले, पुढचा रिकामा झाला की ऑपरेटरने त्याचा बारकोड स्कॅन केला, तर मागच्या बिनवर तासभर काम चालते. मालाची फेरी ४० मिनिटांत येत असेल तर २० मिनिटे हातात राहतात. फेरीला सव्वा तास लागत असेल तर दोन बिन पुरत नाहीत, तिसरा ठेवावा लागतो. बिन किती, हे असे फेरीच्या वेळेवरून ठरते. जागा आहे म्हणून चार बिन लावणे चूकच.

खरी अडचण आपोआप वजावटीत आहे. तिला बॅकफ्लश म्हणतात: गाडी पूर्ण झाल्याची नोंद झाली की प्रणाली बीओएमप्रमाणे ४ बोल्ट वजा करते. पण एखाद्या बोल्टचे आटे खराब निघतात, एखादा कन्व्हेयरखाली घरंगळतो. ते कोणी नोंदवत नाही. दिवसअखेर प्रणाली पीएसएवर ३०० बोल्ट दाखवते आणि बिनमध्ये निघतात ४०. बिनच्या रीतीत हे निभावून जाते, कारण रिकामा बिनच माल मागवतो. तेच बोल्ट एकत्र गरज काढून मागवण्याच्या दुसऱ्या रीतीला लावले असतील, तर प्रणाली ३०० पाहून गप्प बसते आणि लाईन थांबते. मग स्टोअरच्या खिडकीशी ते ठरलेले वाक्य ऐकू येते: “साहेब, सिस्टीमला दाखवतंय, पण जागेवर नाही.” घाईत कोणीतरी ५०० बोल्टांचा खोका स्कॅन न करताच उचलून आणतो, ‘आधी माल द्या, एंट्री नंतर बघू’ म्हणून. आता पीएसएवर प्रत्यक्षात ५४० आहेत, प्रणालीत ३००. आणि स्टोअरच्या रॅकवर प्रणालीपेक्षा ५०० कमी. एका जागेची चूक दोन जागी झाली. म्हणून बोल्ट, वॉशर, क्लिपांसारखा किरकोळ माल बिनवरच ठेवावा, हे उत्तम. औषध कारखान्यात तर बॅच आणि मुदत पाहूनच माल द्यावा लागतो; तिथे अशी डोळे झाकून वजावट चालत नाही.

खराब निघालेला भाग लाईनशेजारच्या लाल बिनमध्ये टाकून शिफ्ट संपण्याआधी रिजेक्शनची नोंद करणे, आणि ऑर्डर बंद होताच उरलेला माल स्कॅन करून स्टोअरला परत लावणे, या दोन कामांवर पीएसएचा आकडा टिकतो. तरीही फरक पडतोच, म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष मोजणी लागते. ती चालू लाईनवर नीट होत नाही. मोजता मोजता माल खपत असतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी लाईन बंद असताना स्टोअरचे दोघे जण येतात, एक बिन ओतून मोजतो, दुसरा पार्ट नंबर वाचून आकडा स्कॅनरवर टाकतो.