शिरीष नावाची दोन झाडं

पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला छत्रीसारखं पसरलेलं एखादं अवाढव्य झाड दाखवून नाव विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, 'शिरीष'. फुलं गुलाबी असतील तर हे उत्तर अर्धवट खरं. ते झाड म्हणजे पर्जन्यवृक्ष, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून १९व्या शतकात इकडे आलेला. जाणकार त्याला 'विलायती शिरीष' म्हणतात. बोलण्याच्या ओघात 'विलायती' गळून पडतं आणि पाहुणा घरधन्याच्या नावाने वावरू लागतो.

मूळ घरधनी म्हणजे अल्बिझिया लेबेक, हिंदीत सिरस आणि तमिळमध्ये वागै. उन्हाळ्यात तो पांढरट, सुगंधी फुलांनी भरतो आणि कोमेजताना ती फुलं पिवळी पडतात. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पार्वतीला तपापासून अडवताना तिची आई म्हणते, शिरीषाचं फूल भुंग्याचा पाय सोसेल, पण पाखराचा नाही. ही नुसती कविकल्पना नव्हे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि पावडर लावायच्या पफसारखे दिसतात ते त्यांचे पुंकेसर. पाकळ्या इतक्या लहान की चटकन दिसतही नाहीत. अशा रेशमी तंतूंवर पाखरू टेकणार कसं?

इंग्रजांनी मात्र फुलाऐवजी शेंग हेरली. १५ ते ३० सेंटिमीटर लांब, चपट्या, गवती रंगाच्या शेंगा पानं झडल्यावरही झाडावर लटकत राहतात, आणि वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात. त्यावरून नाव पडलं 'वुमन्स टंग', बाईची जीभ! नाव ठेवणाऱ्याच्या घरी काय चाललं होतं कोण जाणे. सुतारांचं लक्ष तिसरीकडेच, गाभ्याच्या गडद तपकिरी लाकडाकडे. अक्रोडाशी मिळत्याजुळत्या या लाकडाला बाजारात 'कोक्को' म्हणतात. शास्त्रीय नावातलं 'लेबेक' अरबीतून आलंय, तर 'अल्बिझिया' हे फ्लोरेन्सच्या अल्बिझ्झी घराण्यावरून. त्या घराण्यातल्या फिलिप्पोने १८व्या शतकात शिरीषाचं एक भावंड युरोपात नेलं होतं.

दोन्ही झाडांची एक सवय सारखी आहे. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात. त्यांच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणीही जातं, आणि ती बाजू सैल पडते. दुसऱ्या बाजूच्या पेशी पाणी घेऊन फुगतात, की पान मिटलंच. पर्जन्यवृक्षाची पानं आभाळ भरून आल्यावरही मिटतात. त्याच्या नावामागे हेच कारण असल्याचं काही जण सांगतात.

फुलं नसताना ओळख पटवायची तर शेंग बघा. पर्जन्यवृक्षाची शेंग जाड, काळपट आणि आत गोड चिकट गर असलेली. गुरं ती आवडीने खातात. तिचा खुळखुळा काही होत नाही. तेव्हा पानगळीनंतर झाडाखाली जरा थांबा, वारा येऊ द्या. वाजलं, तर तो आपला.