जत्रेत जिंकलेला गोल्डफिश घरी आलाय? आज रात्रीच वाचा

रिंग बरोब्बर पडली, पोरगं नाचलं आणि पिशवीतला मासा घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुकानात ठरलेला प्रश्न येतो: "बाऊल केवढ्याला?" बाऊल आम्ही ठेवत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी आजची रात्र. साबण कधीच न लागलेली मोठी बादली किंवा टब घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि त्याने माशाचे कल्ले भाजतात. त्यामुळे बाटलीवर लिहिलंय त्या मापाने अँटी-क्लोरीन घाला, किंवा चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी वापरा. पिशवी न उघडता त्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग उघडून थोडंथोडं नवं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासा जाळीने उचलून टबात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. त्यात माशाची सगळ्या प्रवासाची घाण असते. आज खायला काही घालू नका. उपाशी राहून तो मरणार नाही.

घरी आणलेले गोल्डफिश मरतात ते बहुतेक पाण्यामुळे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. त्यात उरलेले दाणे आणि विष्ठा कुजली की अमोनिया आणखी वाढतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि आत मासा गुदमरत असतो. निसर्गात हा अमोनिया जिवाणू पचवतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, पण वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ते काम तुमचं. रोज नाहीतर दिवसाआड पाव ते एक तृतीयांश पाणी काढा आणि तेवढंच क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरा.

इथेच घात होतो. पाणी गढूळ दिसलं की घरातलं कुणीतरी उत्साहाने सगळा टँक रिकामा करतं, खडे घासतं, स्पंज नळाखाली खळखळून धुतं. जिवाणू गेले. दोन-तीन दिवसांत मासाही जातो आणि आम्हाला ऐकायला मिळतं, "अहो, एवढं स्वच्छ ठेवलं होतं!" स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. काळपट राहिला तरी चालेल, तो तसाच हवा.

एक सोय आमच्याकडे आहे. आमच्या चालू टँकच्या फिल्टरमधला स्पंजचा ओला तुकडा मागून न्या. पैसे नाहीत. तुमच्या फिल्टरमध्ये ठेवला की वस्ती लवकर बसते. डब्यात टँकचंच पाणी घालून न्या, वाटेत सुकू देऊ नका.

आता बाऊलबद्दल. जत्रेतला मासा सहसा लांबट, साध्या जातीचा असतो. तो नीट वाढला तर एक फुटापर्यंत जातो. चार लिटरच्या बाऊलमध्ये अमोनिया काही तासांत चढतो आणि अरुंद तोंडामुळे हवाही कमी मिळते. काचेचा टँक परवडत नसेल तर साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टब आणि एक स्पंज फिल्टर घ्या. दिसायला साधा, पण माशाला आवडेल असा. मासा वाढला की जागाही वाढवावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खाणं: दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिशला पोट नसतं, सगळं थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो कायम भुकेला दिसतो. त्याच्या तोंडाकडे बघून दाणे टाकू नका. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटारचा दाणा कुस्करून द्या.

मासा वर येऊन हवा गिळतोय, कल्ले लाल झालेत, तळाशी पंख मिटून बसलाय? औषध मागायच्या आधी निम्मं पाणी बदला. मग बाटलीभर पाणी घेऊन दुकानात या, अमोनिया तपासून देतो. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र औषध लागेल. वीज गेली तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा, हवा मिसळते. उन्हाळ्यात हे जास्त सांभाळा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या जत्रेत 1956 साली जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 पर्यंत जगला. त्रेचाळीस वर्षं! तेव्हा पोराला "दोन दिवसांचा पाहुणा आहे" असं सांगू नका.

आणि सांभाळणं जमत नसेल तर विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. पुण्य लागत नाही. हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, रोग पसरवतो, तिथल्या माशांची अंडी खातो. आमच्याकडे आणून द्या, मागच्या मोठ्या टाकीत जागा आहे. पैसे देणार नाही, घेणारही नाही. फक्त दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.