भाव चढलाय, पण दावण मोकळी करायची का?

गायींचे भाव चढलेत, आणि गेले काही आठवडे आम्ही ज्यांच्या गोठ्याचे हिशेब ठेवतो त्या ग्राहकांचे फोन एकाच प्रश्नासाठी येत आहेत: "व्यापारी दारात उभा आहे, असा भाव पुन्हा मिळायचा नाही म्हणतो. देऊन टाकू का सगळी?" दोन मिनिटांच्या फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. आम्ही जनावरांच्या व्यवहारात दलाली घेत नाही. तुम्ही विकलीत काय किंवा ठेवलीत काय, आमची फी तेवढीच राहते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. चढ्या भावात कळपातली काही जनावरं काढणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं. पण धंदा पुढे चालवायचा असेल तर अख्खा कळप एकदम काढू नका.

भाव चढतो कशामुळे, टिकतो किती

जनावरं कमी झाली की भाव चढतो, आणि जनावरं पटकन वाढवता येत नाहीत. आज गाय भरवली (वळू दाखवून किंवा कृत्रिम रेतन करून) तर ती सुमारे 283 दिवसांनी विणार. कालवड होईल याची शक्यता निम्मी. चांगलं खाऊपिऊ घातलेली कालवड 15 ते 18 महिन्यांची झाल्यावर भरवायची, मग पुन्हा नऊ महिने. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी आजच्या निर्णयाचं दूध चरवीत पडायला तीन वर्षं लागतात, आणि बऱ्याच गोठ्यांवर त्याहून जास्त.

त्यात आणखी एक गंमत अशी, की भाव चढला की शहाणे लोक कालवडी विकायच्या ऐवजी ठेवून घेतात. बाजारात येणारी जनावरं त्यामुळे आणखी घटतात आणि भाव अजून चढतो. मग तीन-चार वर्षांनी त्या सगळ्या कालवडी एकदम वितात आणि भाव खाली येतो. अमेरिकेत जनावरांच्या नोंदी 1867 पासून आहेत. तिथे हे चक्र साधारण दहा-बारा वर्षांचं असल्याचं दिसतं. 2014 च्या सुरुवातीला तिथली गुरांची संख्या 1951 नंतरच्या नीचांकावर होती आणि त्या वर्षी भाव विक्रमी गेले. 2016 संपेपर्यंत ते भाव पार उतरले होते. सर्वांत जास्त फटका बसला तो भाव शिखरावर असताना महागड्या गाभण कालवडी विकत घेणाऱ्यांना.

तेव्हा "भाव असाच राहील" यावर भरवसा ठेवू नका, आणि "उद्याच पडेल" या धास्तीनेही विकू नका.

कळप म्हणजे नुसती डोकी मोजायची नाहीत

हे आमच्या घरातच घडलेलं आहे. अशाच तेजीत आमच्या वडिलांनी 14 जनावरांची दावण एका आठवड्यात मोकळी केली. पैसे चांगले आले, कर्ज फिटलं. दोन वर्षांनी पुन्हा गोठा उभा करायचा ठरला, तेव्हा भाव थोडा उतरलाही होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून नऊ गायी आणल्या. दिसायला सगळ्या देखण्या, कास भरदार. आणल्यापासून चौथ्या महिन्यात त्यातल्या एकीने सात महिन्यांचं अपुरं वासरू टाकलं. पंधरवड्यात दुसरीने टाकलं. रक्त तपासलं तेव्हा ब्रुसेलोसिस, म्हणजे गर्भपात करणारा संसर्गजन्य आजार, निघाला. हा आजार कच्च्या दुधातून आणि गर्भपाताच्या स्रावातून माणसालाही होतो. ते पडलेलं वासरू आणि वार घरच्यांनी उघड्या हातांनी उचलली होती. त्यानंतरचे कित्येक महिने घरात सगळ्यांना तीच धास्ती होती.

विकलेल्या 14 गायींपैकी कोणती धार काढताना पाय उचलते, कोणती दरवेळी एकदा उलटून (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येऊन) मगच गाभण राहते, कोणाच्या आईला कासदाह व्हायचा, हे सगळं वडिलांना तोंडपाठ होतं. त्या माहितीचे पैसे व्यापाऱ्याने दिले नव्हते. नव्या नऊ गायींबद्दल मात्र विकणाऱ्याने सांगितलं तेवढंच आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आम्ही नोंदवहीवर इतका भर देतो. आजही नवं जनावर आणलं तर ते किमान 21 ते 30 दिवस वेगळं बांधा आणि रक्त तपासून घेतल्याशिवाय कळपात मिसळू नका.

एकेका जनावराचा हिशेब

कळपाचा म्हणून एकच निर्णय घेऊ नका. वही उघडा आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर दोन आकडे मांडा: आज विकली तर काय मिळेल, आणि ठेवली तर ती जाईपर्यंत काय देईल.

समजा आजचा भाव 100 धरला. गाय दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदा व्यालेली आहे. चारा, पेंड, मजुरी, औषधपाणी वजा जाऊन दूध आणि वासरू मिळून वर्षाला 25 सुटतात. अजून चार वर्षं ती देईल आणि शेवटी 30 ला जाईल. एकूण 130. त्यातून आजारपण, मरतूक आणि पैसा उशिरा हातात येतो याचे 20 वजा केले तरी 110 उरतात. ही गाय ठेवा. शेजारची सहाव्या वेताची, दोनदा उलटलेली, एक सड गेलेली. तिचे वर्षाला 15 सुटतात, फार तर दोन वर्षं, आणि शेवटी 20. एकूण 50. तिला आज 70 मिळत असतील तर थांबण्यात काहीच अर्थ नाही. मंदीत अशा गायीला गिऱ्हाईक मिळत नाही. तेजीचा खरा उपयोग इथे आहे, कळपाची शेपटी कापायला.

हाच हिशेब उलटा पडण्याची एक जागा आहे. चाराच नसेल तर. चारशे किलोच्या जनावराला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे 10 ते 12 किलो कोरडा अंश (चाऱ्यातलं पाणी सोडून उरणारा भाग) लागतो. मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि सुका चारा मिळून पुढच्या पावसापर्यंत पुरणार नसेल, तर वरचे 110 कागदावरच राहतील. अशा वेळी चांगली गायही तेजीत, अंगाने भरलेली असताना काढलेली बरी. हाडं दिसायला लागली की तोच व्यापारी निम्मा भाव करतो.

आणि अर्धा कळप विकला म्हणजे खर्च अर्धा होतो असं समजू नका. शेडचा हप्ता, कायमचा गडी, विजेचं बिल तेवढंच राहतं, ते उरलेल्या जनावरांवर पडतं. किती जनावरांच्या खाली गोठा तोट्यात जातो, तो आकडा तुमच्या खात्यावरून आम्ही काढून देऊ.

कोणाला सगळं विकायला हरकत नाही? ज्यांच्या घरात पुढे करणारं कोणी नाही, ज्यांची तब्येत साथ देत नाही, ज्यांना कर्जाच्या व्याजाने झोप नाही. त्यांनी तेजीत सन्मानाने बाहेर पडावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

सौदा करण्याआधी

वजनावर जाणारं जनावर नजरेच्या अंदाजाने देऊ नका. काटा नसेल तर टेप काढा. जनावर सपाट जागी, मान सरळ ठेवून उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10,840, हे साधारण किलो. घेर 180 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 448 किलो. काट्याइतकं अचूक नाही, पण "साडेतीनशेच्या वर नाही" म्हणणाऱ्यासमोर बोलायला पुरेसं आहे.

गाभण म्हणून विकायची असेल तर भरवल्यापासून दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्या. गाभण गायीचा आणि भाकड गायीचा भाव यात मोठी तफावत असते, आणि नंतरची भांडणं बहुतेक याच मुद्द्यावर होतात. जनावरांवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी. एका वर्षात सगळी रक्कम आली तर कराचं काय, हेही इसार घेण्याआधी विचारा. वाहतुकीचे आणि विक्रीचे आपल्या भागातले नियम पाहून घ्या.

विकायची ठरलीच तर एका दिवशी सगळी काढू नका. शेपटीची जनावरं आधी, मग भाव बघत दोन-तीन टप्प्यांत. सर्वांत चांगल्या कालवडी शेवटपर्यंत दावणीला राहू द्या. पैसे खात्यात आल्याशिवाय गाडीची फळी लावू देऊ नका, आणि दिवस भरत आलेली गाय कितीही भाव आला तरी लांबच्या गाडीत चढवू नका.