टीपॉटच्या तळावरचा शिक्का : एका घरगुती संग्रहामागचा इतिहास

माझ्या एका मित्राच्या घरचे टीपॉट बघायला येणारा माणूस आधी सगळी कपाटे डोळ्यांखालून घालतो. मग एखादा लहानसा तपकिरी टीपॉट अलगद उचलतो, उलटा करतो आणि तळावरचा चौकोनी शिक्का दिसला की विचारतो, "ओरिजिनल आहे का रे?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. संग्रह एवढा मोठा आहे की उभ्या उभ्या सगळे समजावून सांगणेही जमत नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

सुरुवातीचा काळ भराभर उरकता येतो. चीनमध्ये चहाच्या वड्या कुटून त्याची पूड वाडग्यात घुसळत, तेव्हा तोटीच्या भांड्याची फारशी गरज नव्हती. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३९१ मध्ये नजराण्यादाखल येणारा वड्यांचा चहा बंद केला आणि दरबारात सुटी पाने आली. सुटा चहा त्याआधीही लोकांना माहीत होता, पण आता त्याला प्रतिष्ठा मिळाली. पाने भिजत ठेवायला झाकणाचे भांडे हवे झाले. पुढे साधारण १५००च्या सुमारास यीशिंग या गावची जांभळट, लोहयुक्त माती या कामासाठी नावारूपाला आली. नानजिंगजवळ १५३३ सालच्या एका थडग्यात वरून कमानी मूठ असलेले त्या मातीचे भांडे सापडले. ते चहा भिजवायचे की पाणी उकळायचे, यावर अजून वाद आहे.

यीशिंगची पद्धत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. तिथला कुंभार पारंपरिक पद्धतीत चाकाला हात लावत नाही. मातीचा गोळा लाकडी मोगरीने ठोकून त्याचे सपाट पत्रे करतो, पट्टी गोल वळवून कडा जोडतो आणि चपट्या थापीने बाहेरून थापटत थापटत पोटाला आकार देतो. झिलई नसते. झाकण काढून आत उजेड धरला, तर मुठीच्या बाजूला सांध्याची बारीक उभी रेघ अनेकदा दिसते. शिक्के तळाला, झाकणाच्या आत आणि मुठीच्या बुडाशी असतात.

सतराव्या शतकात चहाच्या पेट्यांबरोबर हे टीपॉट युरोपात गेले आणि तिथल्या कारागिरांनी त्यांच्या नकला सुरू केल्या. नेदरलँड्समधले डेल्फ्ट, इंग्लंडमधले स्टॅफर्डशर आणि जर्मनीतले माइसेन, तिन्हीकडे तांबडे, बिनझिलईचे टीपॉट झाले. स्टॅफर्डशरमध्ये १६९० च्या दशकात ते लेथवर तासून गुळगुळीत करत आणि त्यांवर साच्यातून काढलेली आलुबुखाराच्या मोहोराची फुले चिकटवत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या तळावर चिनी वाटेल असा चौकोनी शिक्काही आला. त्यात वाचण्यासारखे काही नसते, नुसती रेघांची नक्षी! मित्राकडे असा एक आहे. त्याच्या अंगावर नख फिरवले तर लेथच्या गोल रेघा लागतात, आणि आत सांधा नाही.

इंग्लंडच्या कपाटात रमायला होते. फुलकोबीच्या आणि अननसाच्या आकाराचे टीपॉट १७६० च्या दशकातले. अमेरिकन वसाहतींवरचा मुद्रांक कर १७६६ मध्ये रद्द झाला, तेव्हा इंग्लिश कुंभारांनीच त्या कराविरुद्धच्या घोषणा टीपॉटवर लिहून वसाहतींतल्या गिऱ्हाइकांना विकल्या. पण आकारावर सर्वांत मोठा परिणाम केला तो १७८४ च्या कायद्याने. चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला, चोरटा चहा संपत गेला आणि पाहुण्यांपुरता मोजून घातला जाणारा चहा घरोघर रोजचा झाला. आधीचा टीपॉट तळहातावर मावत असे, नंतरचा अख्ख्या कुटुंबाचा.

आता शिक्क्याकडे. लोक शिक्का म्हणजे घडवणाऱ्याची सही असे धरून चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत यीशिंगशेजारच्या परगण्यात एक अधिकारी होता, स्वतः शिक्के कोरणारा आणि कवितेत रमणारा. त्याने आणि त्याच्या मित्रमंडळींनी टीपॉटचे आकार सुचवले, पोटावर ओळी कोरल्या. माती मळली आणि भांडी घडवली ती कुंभारांनी. तळावर त्या अधिकाऱ्याच्या अभ्यासिकेचा ठसठशीत शिक्का आणि मुठीखाली कुंभाराचा छोटासा. मग हा टीपॉट कोणाचा? मला विचाराल तर मुठीखालचा शिक्का आधी वाचावा, पण बाजाराने नेहमी तळाचाच वाचला.

गुंता खरा वाढला तो १९३० च्या दशकात. शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे उत्तमोत्तम कारागीर बोलावून घेतले आणि जुन्या उस्तादांचे टीपॉट हुबेहूब करून घेतले, शिक्क्यांसकट. हे काम करणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतःच विसाव्या शतकातले श्रेष्ठ कलावंत ठरले. जुन्या नावाचा शिक्का मारलेला त्यांचा टीपॉट आज खोटा म्हणून बाजूला टाकायचा का? पन्नासच्या दशकात कारागिरांची सहकारी संस्था झाली, पुढे तिचा कारखाना झाला. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या बहुतेक टीपॉटवर देशाचे आणि गावाचे नाव असलेला एकच सामाईक शिक्का मारत, घडवणाऱ्याचे नाव गळून गेले. ऐंशीच्या दशकात तैवान आणि हाँगकाँगचे गिऱ्हाईक आले, किमती चढल्या आणि नाव पुन्हा लागू लागले. तेव्हा शिष्याने घडवायचे आणि गुरूने शिक्का मारायचा, हेही सुरू झाले. अशा टीपॉटवर शिक्का अस्सल आणि हात दुसऱ्याचा!

म्हणूनच मित्राने घेतलेला एक निर्णय संग्राहकांमध्ये वादाचा ठरला. टीपॉटसोबत ठेवलेल्या त्याच्या चिठ्ठ्यांवर 'घडवणारा : अमुक' असे कुठेही लिहिलेले नाही. 'शिक्का : अमुक' एवढेच, आणि त्याखाली माती, बांधणी, अंदाजे काळ. अनेक जुन्या संग्राहकांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, याने चांगल्या वस्तूवरही उगाच संशय येतो, किंमत पडते आणि नकलेला असलच्या शेजारी बसवल्यासारखे होते. नकलांचे कपाट वेगळे ठेवावे. त्यांची तक्रार समजू शकते, त्यांनी नावासाठी पैसे मोजलेले असतात. पण वेगळे कपाट करायचे तर त्यात शांघायसाठी केलेले सुंदर टीपॉट जातील, स्टॅफर्डशरचे तांबडे जातील आणि गुरूचा शिक्का असलेले शिष्यांचेही जातील. मग उरलेल्या कपाटात इतिहास म्हणून राहणार काय? चिठ्ठीवर जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे, हे मला योग्य वाटते. असे लिहिले की बघणारा शिक्क्यावर थांबत नाही, झाकण काढून आत डोकावतो.

आत पाहण्यासारखे बरेच असते. साच्यातून काढलेल्या टीपॉटला अनेकदा समोरासमोर दोन रेघा राहतात, पट्टीच्या बांधणीला एक. तोटीच्या तोंडाशी जुन्या टीपॉटला बहुधा एकच भोक असते, काहींना सपाट जाळी. बाहेर फुगलेली अर्धगोल जाळी १९७० च्या दशकापासून रुळली. खिडकीजवळच्या फळीवरच्या एका टीपॉटला अशी जाळी आहे, आणि तळाला दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्याच्या अभ्यासिकेचा शिक्का. चिठ्ठीत दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या आहेत आणि काळाच्या रकान्यात '१९७० नंतर'.