डबल बेल द्यायची कधी?

आमचे मामा बेस्टमध्ये कंडक्टर होते. नायगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. गेल्या पाच वर्षांत त्यांनी तीनदा अंथरूण धरलं. आधी हृदयविकाराचा झटका आणि अँजिओप्लास्टी. दोन पावसाळे गेले आणि डेंग्यू झाला. त्यातून उठतात न उठतात तोच दादरच्या पुलावर पाय घसरून मनगट मोडलं.

तिन्ही दुखणी बरी झाली. फाइलमधले रिपोर्टही नीटच होते. पण मामा काही पूर्वीच्या जागी परत आले नाहीत. झटक्याआधी ते तिन्ही मजले एका दमात चढायचे. झटक्यानंतर दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले, डेंग्यूनंतर प्रत्येक वळणावर. मनगट मोडल्यावर तर खाली उतरणंच बंद झालं, आणि पाय तर धड होते! विचारलं की म्हणायचे, "वय झालं रे आता."

वयाच्या माथी सगळं मारायला मी तयार नव्हतो. त्याला कारण आहे डॅलसमधला एक जुना प्रयोग. 1966 साली तिथल्या संशोधकांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे सक्तीनं अंथरुणात ठेवलं. कुणी आजारी नव्हतं, फक्त उठायचं नाही एवढीच अट. तीन आठवड्यांनी मोजलं तर जोराच्या श्रमात प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरलेली होती. पुढे दोन महिने व्यायाम करून ती भरून आली. खरी गंमत तीस वर्षांनंतरची. त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा बोलावून तपासलं. मधल्या तीस वर्षांत त्यांची वजनं वाढली होती, केस गेले असतील, पण त्या क्षमतेची तीस वर्षांतली घट विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं झालेल्या घटीपेक्षा कमी होती. शिवाय सहा महिने बेताचा व्यायाम केल्यावर वयामुळे झालेली ती घटही भरून निघाली. पाचच माणसांचा प्रयोग आहे, हे खरं. पण एवढ्या कमी माणसांत एवढं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

पडून राहिल्यावर शरीरात काय होतं? पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो. आडव्या शरीरात रक्त पायांकडे ओढलं जात नाही, छातीत जास्त भरतं. शरीराला वाटतं पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणून आजारातून उठल्यावर पहिल्यांदा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो आणि पुन्हा आडवे होतो, म्हणजे जे औषध म्हणून घेतो तेच दुखण्याचं मूळ. मग स्नायूंची पाळी. स्नायू सतत झिजतात आणि सतत बांधले जातात. पडून राहिलं की बांधकाम मंदावतं. म्हाताऱ्या माणसांत हे फार झपाट्यानं होतं. निरोगी वृद्धांना दहाच दिवस अंथरुणात ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांमधलं सुमारे एक किलो मांस गेलं.

डॉक्टरांनाही हे उशिरा उमगलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे पूर्ण आडवं ठेवत, कूस बदलायलासुद्धा परिचारिका लागे. बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी 81 रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवलं आणि 1952 साली ते छापलं. सहकारी चिडले, हे जीव घेणं आहे म्हणाले. रुग्ण मात्र बरे झाले, आणि पडून राहण्यानं होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्याही कमी झाल्या. आज अँजिओप्लास्टीनंतर अडचण नसेल तर लवकरच चालवतात. रुग्णालयात हा बदल झाला, घरात नाही झाला. घरी आणलं की गादी, दोन उश्या आणि "तुम्ही उठू नका, काय हवं ते सांगा." माया असते ती, नाही म्हणत नाही.

त्या मायेचा दुसरा हात स्वयंपाकघरात. डेंग्यूनंतर मामांचा दिवस असा होता: सकाळी चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं, अकरा वाजता पेज, दुपारी मऊ भात, पातळ वरण, वर मेतकूट-तूप, चारला भेटायला आलेल्यानं आणलेलं शहाळं, पाचला चहा-टोस्ट, रात्री मुगाची सैल खिचडी. ताप असताना हे उत्तम. पण हे दोन महिने चाललं! मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला तर दिवसाची प्रथिनं जेमतेम 30 ग्रॅम भरली. मामांचं वजन 62 किलो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे मामांना 51 ग्रॅम. वयस्क माणसाला, त्यातही आजारातून उठलेल्याला, तज्ज्ञ किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. कारण म्हातारा स्नायू ऐकायला जरा कमी येणाऱ्या माणसासारखा असतो, हाक मोठ्यानं मारावी लागते. तरुणपणी थोड्या प्रथिनांनी सुरू होणारं बांधकाम साठीनंतर तेवढ्यावर सुरू होत नाही. तेही रात्री एकदाच पोटभर खाऊन भागत नाही, तिन्ही वेळच्या ताटात वाटून यावं लागतं.

इथे एक इशारा आधीच देतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित उलटं होऊ शकतं, म्हणून मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत. शहाळ्याचंही तेच. एका मोठ्या शहाळ्यात एखाद्या केळ्याहून जास्त पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं थकलेली असतील किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रचलेली शहाळी बघितली की मला हे हटकून आठवतं.

"आजारानं का होईना, वजन तर उतरलं" असं म्हणून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. उतरलं काय, हे बघायला हवं. आजारात जे वजन जातं त्यात स्नायूचा वाटा मोठा असतो. नंतर खाऊन-पिऊन परत येते ती बहुतेक चरबी. काटा पूर्वीच्याच आकड्यावर येतो, माणूस बदललेला असतो. आपल्या लोकांना तर हे जास्तच महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले (परळच्या नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 2004 साली स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी आपली घडण. आधीच कमी असलेला स्नायू प्रत्येक दुखण्यात थोडा थोडा गमावणं आपल्याला परवडत नाही, कारण जेवणातली साखर सगळ्यात जास्त रिचवतो तो स्नायूच.

मामींनी ताटात जे बदललं त्याला डाएट म्हणवत नाही. पातळ वरण घट्ट झालं. पेजेच्या जागी मुगाचं धिरडं आलं. दुपारी मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, नावापुरती नव्हे. आठवड्यातून दोनदा बांगडा. पापलेटाहून स्वस्त, आणि हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी त्यात जास्त. रात्री भाकरीबरोबर दही, सकाळी अंडं. टोस्टच्या जागी मूठभर शेंगदाणे, त्यातच सात-एक ग्रॅम प्रथिनं. मोड आले की कडधान्यातली प्रथिनं वाढतात असं घरोघरी सांगतात, ते खरं नाही. पचायला सोपं होतं, क जीवनसत्त्व वाढतं, प्रथिनं तेवढीच राहतात. उलट पाणी शिरल्यामुळे वाटीत दाणे कमी बसतात, म्हणून वाटी भरून घ्यायची. कमी झालं ते मीठ. दिवसाला 5 ग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि पापड, लोणचं, खारा बांगडा यांतच ती अर्धी संपते. मामांनी खारा बांगडा सोडताना जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

आता चालणं. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी 1953 साली हजारो बस कर्मचाऱ्यांची पाहणी छापली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचा जिना दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी सौम्य. शंका अशी निघाली की जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील. मॉरिसनी ती झटकली नाही, गणवेशाच्या पॅन्टींची मापं काढली. ड्रायव्हर खरंच कमरेनं मोठे निघाले. पण तेवढ्यानं सगळा फरक भरून निघेना. मग टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तसंच चित्र दिसलं. मी ही गोष्ट मोठ्या उत्साहानं मामांना सांगितली. ते म्हणाले, "आमच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असायचे. एक वरचा, एक खालचा. मी खालचा."

तर जिना मामांच्या वाट्याला आला तो निवृत्तीनंतरच. सुरुवात मात्र गॅलरीतून केली. चाळीची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ पावलं. जेवण झालं की दोन फेऱ्या. जेवणानंतरच का, तर हलता स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. साखर आत घेणारी त्याची दारं नुसत्या आकुंचनानंही उघडतात. पाच मिनिटांच्या संथ चालण्यानंही जेवणानंतर चढणारी साखर थोडी बसते. दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नये. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं ते नाव होतं. अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या बायकांच्या पाहणीत दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

किती जोरानं चालायचं, हे नाडीवरून ठरवू नका असं मी मामांना सांगितलं. झटक्यानंतर अनेकांना ठोके मंदावणाऱ्या गोळ्या असतात, त्यामुळे घड्याळातला आकडा फसवतो. बोलून बघायचं. चालताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. जिन्याचं म्हणाल तर उतरण्यापासून सुरुवात केली, मामी मागे खुर्ची घेऊन. उतरताना दम कमी लागतो, मांड्यांना काम मात्र चांगलं पडतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधल्या एका प्रयोगात स्थूल वृद्ध बायकांचा एक गट जिना फक्त चढायचा, दुसरा फक्त उतरायचा, उरलेली वाट लिफ्टनं. बारा आठवड्यांनी बऱ्याच मोजमापांत उतरणाऱ्या बायका पुढे होत्या. मांड्या पहिले काही दिवस ठणकतात, आणि गुडघे आधीच कुरकुरत असतील तर हा प्रकार जपूनच करावा.

पण वारंवार आजारी पडणाऱ्याच्या मनात प्रश्न वेगळाच असतो: पुन्हा पडणारच असेन तर पुन्हा उभं कशाला करायचं? इथे स्नायू थोडा दिलासा देतो. 2010 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की कामामुळे जाड झालेल्या स्नायुपेशीत जादा केंद्रकं (पेशीचं काम चालवणारे गाभे) येतात, आणि स्नायू वाळला तरी ती बराच काळ टिकतात. माणसांत केंद्रकांबद्दल अजून वाद आहे. मात्र 2018 च्या एका अभ्यासात, व्यायाम सोडल्यावरही माणसाच्या स्नायूंतल्या जनुकांवर त्याच्या रासायनिक खुणा राहिलेल्या दिसल्या, आणि दुसऱ्यांदा व्यायाम सुरू केल्यावर स्नायू पहिल्यापेक्षा चांगला भरला.

हे सगळ्यांना लागू नाही. विषाणूच्या तापानंतर काहींना असा थकवा येतो की आज थोडं चाललं तर उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही. अशा माणसाला "रोज थोडं वाढव" म्हणणं घातक ठरू शकतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं दीर्घकालीन थकव्याच्या आजारात ठरावीक पायरीनं व्यायाम वाढवण्याची शिफारस 2021 साली मागे घेतली. तिथे अंगात जेवढी ताकद तेवढाच खर्च, हेच धोरण. आणि चालताना छातीत दाब आला, किंवा हृदय कमजोर असलेल्याचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, पाय सुजले, तर लगेच दवाखाना.

मागच्या महिन्यात मामांना पुन्हा ताप आला, साधाच, तीन दिवसांचा. पाचव्या दिवशी फोन केला तर मामी म्हणाली, "हे गॅलरीत आहेत, जोशीकाकूंच्या दारापर्यंत गेलेत. बोलावू का?" अंडं खातात का विचारलं. पांढरं खातात, म्हणाली, पिवळं अजून मांजराला जातं.